मुकं पाणी

"मग थांबतं कशापायी?" आऊंनी विचारलं.

"काय थांबतं?"

"तारं. आत्ताच म्हनालास न्हवं, तारं जल्मायचं थांबतं म्हनून. ते कशापायी?"

प्रश्न शिरीषने विचारला होता, आणि तो ताऱ्यांचा नव्हता.

त्याने विचारलं होतं, "आऊ, आपल्याकडे माणूस टिकत का नाही?" महिनाभर मनात घोळवून, आज कुठे धीर करून विचारलं होतं. त्यावर आऊ म्हणाल्या होत्या, "हितं यायच्या आदी तू काय करत व्हतास रं?" जसं काही त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

"आकाशाचा अभ्यास," तो म्हणाला होता. "काही आकाशगंगांमध्ये नवे तारे जन्मायचे थांबतात. त्याचा."

आणि आता त्याचा प्रश्न बाजूला राहून आऊंचाच प्रश्न त्याच्या गळ्यात पडला होता.

माणदेशातल्या एका उघड्या माळावर हा मठ आहे. मठ म्हणजे काय, एक दगडी ओसरी, आत दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाला काट्यांचं कुंपण आणि एक लाकडी फाटक. फाटकाबाहेर कच्चा रस्ता, तो खाली डांबरीला जाऊन मिळतो. ओसरीवर घोंगडं टाकून आऊ बसत. थोरल्या बुवांनी हा मठ बांधला, त्यांच्यामागे आणखी दोघे झाले आणि त्यांच्यामागे आऊ.

आऊंच्या मागे कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन त्यांची छाती तपासली होती आणि बाहेर अंगणात शिरीषला म्हटलं होतं, "हृदय दमलंय. जपा." त्यांनी दिलेल्या गोळ्या आऊ अगदी आठवणीने विसरत. आणि थोरल्या बुवांनी तर सांगून ठेवलेलं, की माणूस नसेल तर मठाला सरळ कुलूप घाला, नुसती गादी चालवू नका.

तेव्हा शिरीषच्या प्रश्नात मठाची काळजी होती, यात काही खोटं नव्हतं. फक्त सगळं खरं तेवढंच नव्हतं.

त्याला इथे येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आऊंनी त्याला अजून अनुग्रह दिला नव्हता. मागून मिळतो तो अनुग्रह नव्हे, हे त्याला तोंडपाठ होतं. तरी रोज सकाळी ओसरी झाडताना त्याला वाटे, आज आऊ हाक मारतील. संध्याकाळी दिवा लावताना वाटे, आज नाही मारली. एवढ्या वर्षांत या दोन्ही वाटण्यांची सवय होऊन जायला हवी होती. ती झाली नव्हती. उलट अलीकडे आऊंना जिना चढल्यासारखी धाप लागली, की त्याला भीती वाटे. ती आऊंसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे तो मुद्दाम तपासत नसे.

स्वतःसाठी मागायची लाज वाटली, म्हणून त्याने मठासाठी विचारलं होतं.

"सांग की," आऊ म्हणाल्या. "का इसरलास?"

विसरतो कसला. हा विषय निघाला की शिरीषची पाठ आपोआप ताठ होई. मोठमोठ्या दुर्बिणींवर काम केलेला माणूस. चार देशांतले लोक त्याचं म्हणणं कान देऊन ऐकत. ते सगळं सोडून आलो, असं तो सांगे, पण सांगताना काय काय सोडलं ते सगळं सांगे.

"आऊ, आपली आकाशगंगा ही एक झाली. तशा अगणित आहेत. एकेकीत अब्जावधी तारे. त्यांच्यात वायू असतो. बाहेरूनही आत येत असतो. तो गोळा होतो आणि त्याचे तारे होतात."

"आपसूक?"

"आपसूक. स्वतःच्याच वजनाने आत आत दाटत जातो. दाटता दाटता एक दिवस पेटतो."

"बरं. मग?"

"मग काहींमध्ये ते थांबतं."

"वायू सरतो?"

"काहींचा सरतो. बाहेरून यायचा बंद होतो. मग आहे त्यावर बरेच दिवस चालतं आणि संपतं. काही आकाशगंगा दुसऱ्यांच्या गर्दीत शिरतात, तिथे त्यांचा वायू ओरबाडला जातो."

"गर्दीत जानाऱ्याचं हुतंच तसं," आऊ म्हणाल्या. मांडीवरच्या सुपात ज्वारी होती, तिच्यातला एक खडा त्यांनी अंगणात टाकला. "तू कंच्या बगत व्हतास? सरल्याल्या का वरबाडल्याल्या?"

शिरीषला हसू आलं.

"दोन्ही नाही. मी सगळ्यात मोठ्या बघत होतो. त्यांचं कोडंच निराळं. त्यांच्याभोवती वायू असतो. भरपूर असतो. कित्येकदा आतल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा जास्त. आणि तरी नवा तारा म्हणून होत नाही."

आऊंचा हात सुपात थांबला.

"वायू हाय," त्या म्हणाल्या.

"आहे."

"तरी न्हाई."

"नाही."

आऊ त्याच्याकडे बघत राहिल्या...

फाल्गुनातली दुपार कलत होती. माळावर चिटपाखरू नव्हतं. आज कुणीच आलेलं नव्हतं, पण एरवी मठात माणसं येत. भरपूर येत. ती शिरीषचीच करामत होती.

मठाची जुनी रीत अशी, की फाटकाशी पाण्याचा रांजण भरून ठेवायचा, वर तांब्या पालथा घालायचा आणि आपलं काम करत राहायचं. आलेल्याला कुणी 'या' म्हणायचं नाही. कुठून आलात, का आलात, विचारायचं नाही. त्याने आपल्या हाताने पाणी प्यावं, वाटेल तिथे बसावं. जेवायच्या वेळी त्याच्यापुढे भाकरी ठेवायची, तीही न बोलता. तो आपणहून बोलेल तेव्हा बोलायचं. कुणी दुसऱ्या दिवशी बोले, कुणी आठ दिवसांनी, कुणी न बोलताच उठून जाई. पंचक्रोशीत या रिवाजाला 'मुकं पाणी' म्हणत.

शिरीषला हा रिवाज पहिल्यापासून खटकला होता. माणूस किती लांबून, किती पोळून येतो. त्याला साधं 'या' म्हणायचं नाही, हे कसलं अध्यात्म? आल्यावर वर्षभरात त्याने ती रीत हळूहळू मोडीत काढली. रांजण ठेवला, पण जोडीला चहाचा थर्मास ठेवला. फाटक वाजलं की तो उठून सामोरा जाई. बॅग हातातून घेई. माणसाची कर्मकहाणी मन लावून ऐके. आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर त्याला समोर बसवून बोलू लागे.

बोलणं ही शिरीषला मिळालेली देणगी होती. थोरल्या बुवांच्या शिकवणीत तो तारे आणे, आकाशगंगा आणे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे मोठे मोठे होत जात. ते डोळे त्याला फार आवडत. अगदी खरं सांगायचं तर आऊंनी हाक न मारलेल्या संध्याकाळी तो त्या डोळ्यांवरच निभावून नेई.

माणूस दुसऱ्या दिवशी नुसता पेटलेला असे. तिसऱ्या दिवशी 'आयुष्य बदललं' म्हणून पाया पडून घरी जाई. मोबाईलवर शिरीषने एक ग्रुप केला होता, त्यावर मग त्या माणसाचे सुविचार रोज सकाळी येऊ लागत. एकाने तर बार्शीत स्वतःचं केंद्रच काढलं. राहायला मात्र कुणी परत आलं नाही.

आऊ या सगळ्यावर कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांचं गप्प राहणं हाच होकार, असं त्याने धरलं होतं.

"का हुत न्हाई मग?" आऊंनी विचारलं.

"तो वायू तापलेला असतो, आऊ."

"तापला म्हनून काय झालं?"

"तापलेला वायू गोळा होत नाही. त्याचा कण न् कण सैरावैरा धावत असतो, एकाशेजारी एक ठरत नाही. तारा व्हायचा तर वायूला आधी निवावं लागतं. अगदी गारठावं लागतं."

"आगीचा गोळा व्हायला गारठावं लागतं?"

"हो."

आऊ हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. शिरीषने पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी घोटभर घेऊन खाली ठेवलं.

"तूप कढवल्यावर रवा कवा धरतं रं?"

"निवताना."

"आन् निवताना पळी घालून ढवळत बसलं तर?"

"मग कसला रवा. पण आऊ, इथे पळी घालणारं कुणी नाही. हे लांबचं आहे, फार लांबचं." त्याला हे स्वयंपाकघरातलं उदाहरण किंचित लागलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने या कोड्यावर घालवली होती.

"कुनी न्हाई? मग तापवतं कोन त्याला?"

"मधलं."

"मदी काय हाय?"

"कृष्णविवर. प्रचंड. काळं. त्याच्यात पडलेलं परत येत नाही."

"काळं हाय, तर ऊन कुटनं येतं?"

इथे शिरीषला रंग चढला. या जागेवर त्याचे ऐकणारे नेहमी पुढे सरकून बसत.

"तीच तर गंमत आहे. भोवतालचा थोडा वायू निवतो. निवला की तो आत, मध्याकडे पडू लागतो. विवराला खाणं मिळतं. पण ते सगळं गिळत नाही. जे गिळत नाही ते भयंकर वेगाने बाहेर फेकतं, दोन बाजूंना दोन झोत. त्या झोतांनी बाहेरचा सगळा वायू पुन्हा तापतो. मग पुन्हा थोडा निवतो, पुन्हा आत पडतो, पुन्हा झोत."

"म्हंजी जे निवाय लागलं, त्येच हे खातं."

"हो."

"आन् त्याच्या जिवावर बाकीच्यास्नी तापवतं."

"हो, तसं म्हणा."

"मग लई उजेड पडत आसंल त्याचा."

"कधी कधी सगळ्या आकाशगंगेपेक्षा जास्त. लांबून आधी तेच दिसतं."

"आन् आकाशगंगेचं काय हुतं?"

शिरीषचा आवाज जरा खाली आला.

"ती राहते. जुने तारे असतात ना. निळे, तेजस्वी तारे लवकर जातात. तांबूस, म्हातारे उरतात. ते सावकाश जळतात, फार काळ. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आहे की सगळं जागच्या जागी. पण तिच्यात नवीन काही होत नाही. आहे तो उजेड पुरवून पुरवून चालू असतं."

"आपल्यावानी," आऊ म्हणाल्या.

शिरीषला एकदम भरून आलं. रोज दिवा लावताना जे वाटे ते आऊंनी सहज, ज्वारी निवडता निवडता म्हणून टाकलं होतं...

थोड्या वेळाने आऊंनी विचारलं, "त्याला ठावं हाय का?"

"कुणाला?"

"त्या मदल्याला. त्याच्यापायी समदं थांबलंय, हे त्याला ठावं हाय का?"

"आऊ, ते विवर आहे. त्याला कुठलं मन?"

"मग बरं हाय त्याचं."

शिरीषने मान वर करून पाहिलं. आऊंचं लक्ष सुपात होतं. त्या थट्टा करताहेत की काय, हे त्याला कळेना. तो काही विचारणार, एवढ्यात खालून रस्त्यावरून स्कूटरचा आवाज आला.

आवाज चढ चढून वर आला आणि फाटकाशी थांबला. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई उतरली. फाटक ढकलून आत आली. अंगणात उभं राहून तिने स्कार्फ सोडला. चाळिशीच्या आसपासची असावी. डोळे सुजलेले होते, उन्हाने किंवा आणखी कशाने.

शिरीषचा जीव सुपाएवढा झाला. असा चेहरा त्याला लांबून ओळखू येई. हे माणूस सहज फिरत आलेलं नव्हतं. तो उठू लागला.

आऊंनी त्याचं मनगट धरलं.

हात हाडांचा राहिला होता, पण पकड घट्ट होती. शिरीष अर्धवट उठलेला तसाच राहिला, मग खाली बसला.

"आऊ, कुणीतरी आलंय," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय की."

"सामोरं जातो."

"ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या हाताने आऊ ज्वारी निवडत राहिल्या.

बाईने दोघांकडे पाहिलं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे आऊंनी पाहिलं नाही आणि शिरीषने मोठ्या कष्टाने मान खाली घातली. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिला रांजण दिसला. तांब्या सुलटा करून तिने पाणी घेतलं. प्यायली. आणखी घेतलं, तोंडावर मारलं. कुंपणाशी एक दगड होता त्यावर जाऊन बसली. हातातली स्कूटरची किल्ली ती एका बोटात अडकवून फिरवत होती.

अंगणात तेवढाच आवाज होता.

शिरीषला बसवेना. त्याच्या जिभेवर शब्द येऊन उभे होते. 'या, बसा, दमला असाल.' एवढंच म्हणायचं होतं. एवढ्यात तिचा बांध फुटला असता, ती बोलली असती, त्याने ऐकलं असतं. संध्याकाळी ओसरीवर तिला समोर बसवून तो बोलला असता आणि तिचे हे सुजलेले डोळे हळूहळू...

तो तिथेच अडखळला. तिचे डोळे मोठे होताना त्याला आत्ताच दिसू लागले होते. आणि ते दिसताच आपल्याला भूक लागल्यासारखं झालं, हेही त्याला दिसलं. त्याने ते बाजूला सारलं.

"आऊ, ती जाईल."

"जाईल."

"अहो, इतक्या लांबून आलीये. माणुसकी म्हणून तरी. नुसतं 'या' म्हणतो, बाकी काही बोलत नाही."

आऊंनी मनगट सोडलं नाही...

बाई उठली. तिने स्कार्फ गळ्यात टाकला, अंगणावरून एकदा नजर फिरवली आणि फाटकाबाहेर गेली.

शिरीषने डोळे मिटून घेतले.

बाहेर स्कूटर सुरू झाली.

"गेली," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत तो आऊंशी असा बोलला नव्हता. "बघा. गेली. पाणी पिऊन गेली. आणि तुम्ही मला धरून बसलात. कसा टिकेल माणूस इथे? कोण टिकेल? उद्या तुम्ही..."

हात झटकावा असं त्याच्या मनात आलं. झटकला असता तर सहज सुटला असता. म्हातारा हात तो. पण त्याने झटकला नाही.

स्कूटरचा आवाज खाली उतरला नाही. जागच्या जागी घरघरला, थोडा वळला, थोडा पुढे गेला आणि बंद पडला. स्टँड लावल्याचा खणकन आवाज आला.

शिरीषने डोळे उघडले.

फाटकाबाहेरच्या लिंबाखाली स्कूटर उभी होती. मघाशी ती भर उन्हात लागली होती, आता सावलीत लागली होती. बाई आत आली. वळून तिने फाटक लावून घेतलं आणि पुन्हा त्याच दगडावर जाऊन बसली. किल्ली तिने पर्समध्ये टाकली, पर्स पायाशी ठेवली. मग तिने काहीच केलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ती माळाकडे बघत बसली.

ऊन कुंपणावरून सरकत होतं. तिचे खांदे, मघाशी कानांपर्यंत चढलेले, हळूहळू खाली येत होते. शिरीष ते बघत होता. इतक्या वर्षांत त्याने किती माणसं या अंगणात घेतली, पण कुणाचे खांदे असे आपले आपण खाली येताना त्याने पाहिले नव्हते. त्याआधीच तो बोलायला लागलेला असे.

आणि मग त्याला सगळी आठवली. तो कोल्हापूरचा मास्तर, त्या दोन नर्स बहिणी, तो बार्शीचा. एकेक करून निवायला आलेली माणसं. त्याने एकालाही निवू दिलं नव्हतं.

रडू आवरायचा त्याने प्रयत्न केला, आणि मग केला नाही. आऊंनी त्याच्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मोठी मेहेरबानी.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ते मधलं... ते कधी कधी शांत होतं, आऊ. आम्ही पाहिलंय."

"आसं?"

"हो. मग भोवतालचा वायू निवतो. पावसासारखा आत उतरतो. आणि जिथे थांबलं होतं तिथे पुन्हा काही तारे होतात. फार नाही. थोडे."

"थोडं रग्गड," आऊ म्हणाल्या.

बाई हलली नव्हती. लिंबाची सावली फाटकावर आली होती. आऊंनी सूप बाजूला ठेवलं. मनगट मात्र अजून त्यांच्या हातात होतं, आणि आता शिरीषलाच ते सुटायला नको होतं. त्याच्या लक्षात आलं, की आठ-नऊ वर्षांत आऊंनी त्याला हात लावला तो आज पहिल्यांदा.

आणि मग ज्याची त्याला इतकी वर्षं लाज वाटत होती, तो प्रश्न त्याच्या तोंडून निघूनच गेला.

"आऊ, बाकीचे गेले. त्यांना मी घालवलं. कळलं मला. पण मी तर गेलो नाही. मी इथेच होतो, रोज, तुमच्या पायाशी. मग मी का नाही झालो?"

आऊ फाटकाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. ओसरीवर सावली चढत आली, घोंगड्याच्या काठाशी पोचली. त्यांची धाप शिरीषला ऐकू येत होती...

"तू आलास त्या दिशी," आऊ म्हणाल्या, "म्या फाटकापतूर पळत गेले व्हते. माझा हात धराय तवा कुनी न्हवतं."